खालच्या स्वरांचे सोबती

काही माणसांच्या गप्पा त्यांच्यापुरत्याच असतात. दोन बागायतदार भेटले की सुपारीच्या भावाखेरीज दुसरा विषय निघत नाही. दोन बुद्धिबळपटू भेटले की तिसऱ्याने चहा पिऊन निमूटपणे उठावे हेच उत्तम. आमचीही अशीच एक जात आहे. चार जाड तारांचे, लांब दांडीचे, घोगऱ्या आवाजाचे जे वाद्य वाद्यवृंदात मागच्या रांगेला ड्रमच्या शेजारी उभे असते, त्या बेस गिटारचे आम्ही वेडे. आमच्या बैठकीत चुकून सापडलेला पाहुणा अर्ध्या तासात घड्याळाकडे पाहू लागतो; आणि घरची मंडळी तर आम्ही जमणार असे कळताच देवळात तरी जातात, नाही तर बाजारात तरी.

वाद्याचे नावही आमच्याकडे थट्टेचा विषय झालेले आहे. एखादी गोष्ट मनासारखी झाली की गोव्यात 'बेस बरें' म्हणण्याची रीत आहे. आमच्यातील एकाने हे वाद्य प्रथम घरी आणले, तेव्हा त्याच्या आजीने ते घटकाभर ऐकून विचारले होते, "नाव बेस, मग हे एवढे कण्हते का?" या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर आम्हांला अद्याप देता आलेले नाही.

आम्ही पाचजण. एक डिचोलीचे शाळामास्तर. त्यांचा हात प्रथम भजनी मंडळातील तबल्यावर बसला. डग्ग्याच्या घुमाऱ्याची लागलेली गोडी त्यांना पुढे या वाद्याकडे घेऊन आली. दुसरे मडगावचे वयोवृद्ध बाब. गोव्यातील चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलिपी व व्हायोलिन शिकविण्याची जी जुनी परंपरा आहे, तिच्यात ते घडले आणि ऐन उमेदीत तियात्रांच्या बॅंडमध्ये वाजवू लागले. तिसरे बॅंकेतून निवृत्त झालेले फोंड्याचे गृहस्थ. रविवारची बैठक त्यांच्याच ओसरीवर भरते. चौथे म्हापशाचे, आमच्यात हेच काय ते पोटासाठी वाजविणारे. आणि पाचवी महाविद्यालयात शिकणारी एक कन्या. बाबांच्या आणि तिच्या वयात अर्धशतकाहून अधिक अंतर आहे. परंतु तारांविषयी बोलणे सुरू झाले की ते अंतर कोठे जाते, कळत नाही.

पूर्वी वाद्यवृंदातील खालचे स्वर 'डबल बेस' सांभाळीत असे. माणसाहून उंच असे ते लाकडी धूड प्रवासात नेणे हा एक प्रसंगच असे आणि ट्रंपेट-ड्रमच्या गदारोळात त्याचा आवाज हमखास बुडून जाई. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यातील फुलर्टन गावी लिओ फेंडर नावाचे रेडिओ दुरुस्त करणारे एक गृहस्थ होते. त्यांना स्वतःला गिटार वाजविता येत नसे. तरीही १९५१ साली त्यांनी चार तारांचे, गळ्यात अडकवून वाजविण्याचे विजेवरील वाद्य बाजारात आणले आणि त्यास 'प्रिसिजन बेस' हे नाव दिले. दांडीवर पडदे बसविलेले असल्यामुळे सूर अचूक लागे, म्हणून हे नाव. सिएटल येथील पॉल टटमार्क यांनी १९३० च्या दशकातच असा एक प्रयत्न केला होता. पण तो रुजला नाही. फेंडर यांचा मात्र रुजला. साध्या गिटारच्या चार जाड तारा ज्या स्वरांत लावतात, त्याच स्वरांत, पण एक सप्तक खाली, या वाद्याच्या तारा लागतात. सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते. तिच्या ध्वनिलहरीची लांबी आठ मीटरांहून अधिक असते. अशी लहर भिंतीला फारशी जुमानीत नाही. त्यामुळे शेजाऱ्यांना गाणे ऐकू येत नाही, केवळ आमचा घुमारा ऐकू येतो. शेजारधर्म टिकविण्यासाठी आम्हां सर्वांनाच वेळोवेळी घरचे फणस आणि आंबे वाटावे लागलेले आहेत.

आता आमच्या गप्पांविषयी. मिरग लागला की पहिला विषय लाकडाचा. हवेतील ओल लाकूड पिऊन घेते, दांडी किंचित वाकते, तारा पडद्यांवर खडखडू लागतात. दांडीच्या पोटात पोलादी सळी असते. तिला चावीने किती पीळ द्यावा यावर पाचजणांची सहा मते पडतात. त्यानंतर तारांचा गंज. तारा दोन प्रकारच्या: गोल वेटोळ्याच्या झणझणीत वाजतात, सपाट वेटोळ्याच्या मऊ वाजतात. बाब सपाटवाले, कन्या गोलवाली. हा तंटा ब्रह्मदेवालाही मिटविता यावयाचा नाही. नव्या तारा महाग पडतात, म्हणून जुन्या तारा पाण्यात उकळण्याची एक युक्ती जगभरच्या बेसवाल्यांना ठाऊक आहे. वेटोळ्यांत साचलेला घामाचा मळ उकळीने सुटतो आणि काही दिवस तारा पुन्हा टणत्कार करू लागतात. मास्तरांनी हा प्रयोग घरच्या भाताच्या टोपात केला. पुढील रविवारी त्यांच्या हाती नवा टोप होता आणि तो तारांसाठीच राखून ठेवलेला आहे असे त्यांनी गंभीरपणे सांगितले. अधिक विचारण्याची आमची छाती झाली नाही.

चार तारा पुरेत की पाच हव्यात, बोटांनी छेडावे की नखीने, चार किलोंचे वाद्य रात्रभर गळ्यात बाळगून धरलेल्या पाठीस कोणते तेल चोळावे, असे प्रश्न दर रविवारी नव्याने उपस्थित होतात. उत्तर मिळावे अशी कोणाचीच इच्छा नसते. कधी मोठ्या माणसांच्या गोष्टी निघतात. बीटल्सचे पॉल मॅकार्टनी यांनी १९६१ साली हॅंबुर्ग येथे घेतलेले व्हायोलिनच्या आकाराचे हॉफ्नर बेस १९७२ साली लंडनमध्ये चोरीस गेले. चाहत्यांनी चिकाटीने शोध मांडला, लोकांना आवाहन केले, आणि एका घराच्या माळ्यावर ते सापडले. ५१ वर्षांनी ते मालकाच्या हाती परत आल्याची बातमी फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली, त्या रविवारी आम्ही आमच्याच घरचे हरवलेले मूल सापडावे तसे जिलेबी आणून खाल्ली.

हेच मॅकार्टनी बेसकडे वळले ते हौसेने नव्हे. आधीचा बेसवादक निघून गेला, उरलेल्यांपैकी कोणी ते गळ्यात अडकवावयास राजी होईना, म्हणून ते त्यांच्याकडे आले. आमच्या वाद्याची ही सनातन कहाणी आहे. त्याकडे कोणाचे लक्ष नसते. डेट्रॉइटमधील मोटाउन कंपनीच्या कितीतरी गाजलेल्या गाण्यांत जेम्स जेमर्सन यांचे बेस आहे. उजव्या हाताच्या केवळ एका तर्जनीने ते वाजवीत. परंतु कंपनीच्या तबकड्यांच्या वेष्टनांवर वर्षानुवर्षे वादकांची नावेच छापली जात नसत. मार्व्हिन गे यांच्या १९७१ च्या 'व्हॉट्स गोइंग ऑन' या तबकडीवर ते प्रथम छापले गेले. तेथवर कशाला जावे? मुंबईच्या चित्रपटसंगीतात कितीतरी गोमंतकीय वादकांनी आयुष्य वेचले. पडद्यावर संगीतकाराचे नाव येई, गायकांची नावे येत. वाद्यमेळातील माणसे अनामच राहत. ग्रेगरी बूथ यांनी २००८ साली त्यांच्यावर इंग्रजीत एक ग्रंथ लिहिला, तोवर त्यांची नावे बहुधा त्यांच्या गावातच ठाऊक होती.

आमच्या मैत्रीचे मूळ याच वस्तुस्थितीत असावे, असे आम्हांस वाटते. वाद्यवृंदात गायक चार असतात, गिटारवाले दोन असतात; बेसवाला मात्र एकच असतो. दोन बेसवाले एका रंगमंचावर क्वचितच दिसतात. त्यामुळे आमच्यात कुणाच्या पुढे कोण उभे राहिले हा प्रश्नच येत नाही. परंतु याची दुसरी बाजूही आहे. आपल्या वाद्यवृंदात प्रत्येक बेसवाला एकटा असतो. आज एखादी जागा चांगली साधली, हे त्याने सांगावे कोणाला? श्रोत्यांना ती कळलेली नसते, गायकाला सवड नसते. ते ऐकावयास दुसरा बेसवालाच लागतो, आणि तो तर व्यासपीठाबाहेरच भेटणार. फोंड्याची ओसरी ही आमची गरज आहे, चैन नव्हे.

ती किती मोठी गरज आहे, हे २०२० नंतर कळले. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली. लग्ने थांबली, जत्रा थांबल्या, चवथीचे कार्यक्रम थांबले. आमचे म्हापशाचे मित्र बावीस वर्षे लग्नांच्या बॅंडमध्ये वाजवीत आलेले. त्यांचे उत्पन्न एका रात्रीत बंद झाले. पुढे लग्ने सुरू झाली ती मोजक्या माणसांत. एक गायक आणि एक संगणक एवढ्यावर कार्य पार पडू लागले. बेसचे सूर त्या यंत्रात आधीच भरलेले. लोकांच्या ते ध्यानातही आले नाही, आणि यजमानांना खर्च वाचल्याचे समाधान मिळाले.

२०२१ च्या पावसाळ्यानंतर आम्ही पुन्हा जमू लागलो. एका रविवारी गप्पांच्या ओघात ते सहज म्हणाले, "पाच तारांचे वाद्य कोणाला हवे आहे का?" आमच्यात देवघेव नेहमीचीच, या प्रश्नात वरवर पाहता काहीच नव्हते. परंतु त्यांच्यापाशी वाद्य एकच होते, हे आम्हां सर्वांना ठाऊक होते. मास्तरांनी हलक्या आवाजात किंमत विचारली. त्यांनी सांगितलेली किंमत वाद्याच्या मोलाच्या निम्मीही नव्हती. ओसरीवर कोणी काही बोलेना. मग मडगावचे बाब एवढेच म्हणाले, "विकूं नाका. आमकां शिकय."

बाबांचे बोलणे वरवरचे नव्हते. आम्ही बाकीचे घरी बसून घोकणारे. म्हापशाच्या मित्रांचा गुण निराळा. समोरच्या गिटारवाल्याच्या डाव्या हाताकडे पाहत, कधी न ऐकलेले गाणे कोणत्याही पट्टीत, सरावाशिवाय ते तोलून धरीत. ही विद्या पुस्तकात नाही. ती बावीस वर्षांच्या जागरणांतून आलेली. ते काही वेळ गप्प राहिले. नंतर म्हणाले, "कीव करून येणार असाल तर येऊ नका. शिकायचे असेल तर वेळेवर या, दिलेला पाठ करून या, आणि फी महिन्याच्या पहिल्या तारखेला द्या." आम्ही चौघे त्यांचे विद्यार्थी झालो. बाबांनाही पाठ चुकल्याबद्दल बोलणी खावी लागली आणि ती त्यांनी आनंदाने खाल्ली. कन्येने महाविद्यालयातून दोन सोबती आणले, त्यांनी आणखी काही. आज त्यांच्याकडे अकरा विद्यार्थी आहेत. हंगामात काही लग्नेही मिळतात. पूर्वीचे दिवस परत आले असे म्हणणे खोटे होईल. मिळकत पूर्वीपेक्षा कमीच आहे. परंतु वाद्य त्यांच्याच घरी आहे आणि त्याच्या तारा गंजलेल्या नाहीत.

आता दुसरी काळजी उभी आहे. बाबांना ऐकू येणे कमी झाले आहे. उतारवयात माणसाची श्रवणशक्ती प्रथम वरच्या स्वरांची जाते. बोलण्यातील 'स', 'श', 'त' ही व्यंजने त्याच पट्ट्यातील, म्हणून माणूस बोलतो आहे हे कळते, काय बोलतो ते कळत नाही. गप्पा कळेनात, तेव्हा बाब येण्याचे टाळू लागले. कधी गुडघा दुखे, कधी बस चुके. हे ध्यानात आल्यावर आम्ही एक शिस्त लावून घेतली. एका वेळी एकानेच बोलावयाचे, बाबांकडे तोंड करून, सावकाश. आम्हांसारख्या बडबड्यांना हे किती जड गेले म्हणून सांगावे! परंतु वाद्ये हाती घेतली की चित्र पालटते. खालचे स्वर बाबांना अजून स्वच्छ ऐकू येतात आणि ओसरीच्या फळीतून पायांनाही कळतात. परवा चौघांच्या चौघांना पत्ता नसताना त्यांनीच बोट दाखविले: कन्येची तिसरी तार किंचित उतरली होती.

लहान रेडिओच्या किंवा मोबाइलच्या चिमुकल्या कर्ण्यातून बेसचा मूळ स्वर बाहेर पडूच शकत नाही. त्याचे वरचे उपस्वर तेवढे पडतात. तरीही आपला कान त्या उपस्वरांवरून न वाजलेला मूळ स्वर जुळवून घेतो आणि आपणांस तो ऐकल्याचा भास होतो. लहानपणी ट्रान्झिस्टरवर आम्ही सर्वांनी याच भासाच्या आधारे या वाद्यावर प्रेम करण्यास सुरुवात केली.

वाचकांनी एखादे आवडते जुने गाणे पुन्हा लावून पाहावे. गायकाला क्षणभर सोडावे, व्हायोलिनांना सोडावे, आणि सर्वांत तळाशी कोण चालले आहे त्याच्या मागे जावे. पहिल्यांदा सापडणार नाही. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेस सापडेल. आणि सापडल्यावर ते कोणाला तरी सांगावेसे वाटले, तर रविवारी सकाळी फोंड्याच्या ओसरीवर यावे. भाजी-पाव असतो, चहा असतो. मात्र बाबांकडे तोंड करून सावकाश बोलावे लागेल.