रोजची एकादशी

दहावी झाली आणि २०२५ साली माझी नात पुढच्या शिक्षणासाठी पुण्याला आत्याकडे राहायला निघाली. (तिचं नाव नाही सांगत, रागावेल. इथे ठकी म्हणते.) मुली बॅगेत काय काय भरतात ते तुम्हाला माहीतच आहे. आमच्या ठकीच्या बॅगेत कपड्यांच्या खाली काय होतं सांगू? एक तवा, एक पिठाची चाळणी, एक काठवट, एक उलथनं आणि हिंगाची डबी. प्रत्येक वस्तूला लाल दोरा बांधलेला. शेजारच्या वहिनी बघून म्हणाल्या, "अहो, शिकायला चाललीय की संसार थाटायला?"

त्या लाल दोऱ्याची गोष्ट आज लिहायची आहे. बरेच दिवस मनात होतं, पण त्यात माझीही एक चूक आहे आणि ती लिहायला हात धजत नव्हता.

२०१६ साली ठकी दुसरीत होती. हातपाय काडीसारखे, पोट मात्र नगाऱ्यासारखं. दिवसातून तीन-चारदा शौचाला जायची. तोंडात सारखे फोड, चिडचिड तर विचारू नका. वर्षभर तिची उंची बोटभरही वाढली नव्हती. आमच्याकडे दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने मुलांच्या उंचीच्या खुणा करायची पद्धत आहे. तिच्या दोन खुणा जवळजवळ एकीवर एक आल्या होत्या. जंताचं औषध झालं, लोहाचं टॉनिक झालं, मी मीठमोहऱ्यांनी दृष्टही काढली. येणारे-जाणारे म्हणायचे, आई नोकरी करते ना, पोरीच्या खाण्याकडे लक्ष नाही. खरं सांगते, तोंडाने बोलले नाही तरी माझ्याही मनात तेच होतं.

शेवटी त्या दिवाळीनंतर पुण्याला पोटाच्या विकारांच्या डॉक्टरांना दाखवलं. आधी रक्ताची तपासणी, मग पोटात दुर्बीण घालून आतड्याचा बारीकसा तुकडा तपासला. निदान झालं : सीलिअॅक. मला हे नाव लिहून घ्यावं लागलं. डॉक्टरांनी छान समजावून सांगितलं. आपल्या लहान आतड्याला आतून मखमलीसारखी लव असते. अन्नातला कस ती शोषून घेते. गव्हात ग्लूटेन नावाचं प्रथिन असतं. या मुलांच्या पोटात ते गेलं की शरीराचं संरक्षण करणारी यंत्रणाच बिथरते आणि स्वतःच्या आतड्यावर हल्ला करते. मखमल झिजते आणि राहतं ते गोणपाट. मग कितीही खाऊ घाला, अंगी लागत नाही.

"औषध काय?" मी विचारलं.

"औषध नाही आजी. गहू बंद. कायमचा."

ही नुसती ॲलर्जी नव्हे आणि वय वाढलं की जाणारा आजारही नव्हे. मूळ कल आनुवंशिक असतो, म्हणून ठकीच्या आईबाबांचीही रक्ततपासणी केली. ती ठीक निघाली.

मी पस्तीस वर्षं मास्तरकी केलेली बाई. घरी आल्या आल्या वहीत दोन रकाने आखले. चालणार नाही : गहू, मैदा, रवा, शेवया, पाव, बिस्किटं, खारी, करंज्या, शंकरपाळ्या, जव. चालेल : ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरई, राजगिरा, शिंगाडा, साबुदाणा, सगळ्या डाळी. दुसरा रकाना बघून मीच हसले. म्हटलं, ही तर आपली रोजची एकादशी! निम्मा फराळ, निम्मी भाकरी. सोपं आहे की.

सोपं नव्हतं. गहू उघड कुठे आहे ते कळतं, लपून कुठे बसलाय ते कळायला वर्ष गेलं. बांधानी हिंगात बहुधा मैदा असतो, हे मला वयाच्या पासष्टाव्या वर्षी कळलं. म्हणजे आमटीतसुद्धा गहू! आमच्या थालीपिठाच्या भाजणीत मूठभर गहू असायचेच. सातूच्या पिठातही गहू. चायनीज म्हणून मिळणाऱ्या भातात सोया सॉस, त्यातही बहुतेक वेळा गहू. आणि गिरणी! निवडून, पुसून ज्वारी न्यायची आणि गिरणीवाला ती गव्हाच्या मागोमाग त्याच जात्यात ओतणार. मी म्हटलं, "दादा, माझं दळण सकाळी सगळ्यांच्या आधी घ्या." तो म्हणाला, "मावशी, पीठ ते पीठच की!" शेवटी घरघंटी घेतली आणि त्यात गहू कधीच घालायचा नाही असं ठरलं. ठकीची भांडी ओळखू यावीत म्हणून लाल दोरे बांधले.

एक गंमत सांगते. आम्ही सोलापूर जिल्ह्यातली माणसं, आमचा पिंडच ज्वारीचा. माझ्या लहानपणी चपाती म्हणजे सणाला किंवा पाहुणा आला तर. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर अमेरिकेचा लाल मिलो यायचा, त्याच्याही भाकऱ्या आम्ही खाल्ल्या. मला पगार सुरू झाला तेव्हा ठरवलं, आपल्या घरात रोज चपाती. माझ्या मुलांच्या डब्यात कधी भाकरी दिली नाही मी. त्यात अभिमान होता. आणि आता नातीसाठी पुन्हा काठवट बाहेर निघाली. चार दिवस हात चालेना, भाकरी थापताना चिरायची.

आता चुकीचं सांगते.

२०१७ ची होळी. पुरणपोळ्यांचा घमघमाट सुटलेला. सगळे पोळीवर तूप ओतून घेत होते आणि ठकीच्या ताटात भाकरी आणि वाटीत नुसतं पुरण. पोर काही बोलली नाही. खाली मान घालून पुरण चाटत होती. मला बघवेना. जेवणं झाल्यावर तिला देवघरात बोलावलं आणि नैवेद्याची पाव पोळी हातावर ठेवली. म्हटलं, "खा गं. देवाचा प्रसाद आहे. एवढ्याशानं काय होतंय."

आणि खरंच काही झालं नाही. ना उलटी, ना पोटदुखी. माझी भीड चेपली. मग कुणाकडच्या सत्यनारायणाचा शिरा, कधी माझ्या चहातलं बिस्किट. आठवड्यातून एकदा-दोनदा असेल. ठकी विचारायची, "आजी, आईला नाही ना सांगायचं?" मी मान हलवायची. ‘खोटं बोलू नये’ हा सुविचार मी फळ्यावर किती वेळा लिहिला असेल, देव जाणे.

जुलैत पुन्हा रक्त तपासलं. आकडा उतरायला हवा होता, तो जवळपास तिथेच. डॉक्टर म्हणाले, गहू कुठून तरी पोटात जातोय, शोधा. माझी सून घरी आली आणि वेड्यासारखी शोधत सुटली. सगळे मसाले टाकून दिले. लाकडी पोळपाट-लाटणं बदललं. रात्री अकरा वाजता मी पाणी प्यायला उठले तर ही ओट्याच्या फटी टाचणीने कोरून पुसत होती आणि रडत होती. मी पाणी न पिताच परत फिरले.

दोन दिवस मला घास गेला नाही. तिसऱ्या दिवशी ती ऑफिसला निघताना तिला थांबवून सांगितलं. सगळं. होळीपासून.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती पायरीवर बसली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "आई, मला वाटत होतं माझंच काहीतरी चुकतंय." बस, एवढंच. मग उठली, पर्स घेतली आणि जाता जाता म्हणाली, "उद्यापासून ठकीचा स्वयंपाक तुम्हीच करा. सगळा. मी काही विचारणार नाही."

इतकी मोठी शिक्षा मला कुणी दिली नव्हती. आणि इतका विश्वासही कुणी टाकला नव्हता.

त्या रात्री मी गणित मांडलं. एक किलो पदार्थात ग्लूटेन २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसेल तरच त्याला ग्लूटेनमुक्त म्हणतात. पाव पोळीत कणीक १० ग्रॅम धरली तर ग्लूटेन साधारण १ ग्रॅम, म्हणजे १००० मिलिग्रॅम. भागाकार करा. नियमात बसणारं ५० किलो अन्न खाल्लं तर जेवढं पोटात जाईल, तेवढं मी एका घासात दिलं होतं. आणि वरून काही दिसत नाही म्हणून आत काही होत नाही असं नसतं, हेही मला तेव्हाच कळलं.

मग मी या आजाराबद्दल मिळेल ते वाचलं. डिके नावाचे एक डच बालरोगतज्ज्ञ होते. गव्हाचा काहीतरी संबंध असावा असा त्यांना आधीच संशय होता. महायुद्धात १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये भीषण उपासमार झाली, पाव मिळेनासा झाला. सगळी मुलं खंगत असताना या आजाराची मुलं मात्र सुधारली, आणि पाव परत आल्यावर पुन्हा आजारी पडली. १९५० मध्ये त्यांनी यावर प्रबंध लिहिला. त्याआधी अमेरिकेत या मुलांना केळी खायला घालत. १९२४ पासून तो उपचार चालला होता. मुलं बरी व्हायची, श्रेय केळ्यांना मिळायचं. खरा गुण होता पाव बंद झाल्याचा. वाचताना मनात आलं, आमच्या लहानपणी ‘संग्रहणी’ म्हणून गावात किती पोरं गेली. त्यातली काही अशीच असतील का? आता कोण सांगणार.

हळूहळू हात बसला. ज्वारीची भाकरी पुन्हा टम्म फुगू लागली. उकडीचे मोदक तर मुळातच तांदळाचे. वाढदिवसाला नाचणीचा केक. लग्नाकार्यात ठकीचा डबा बरोबर. "एक घास खा गं" म्हणणाऱ्यांना आता मीच आडवी येते. सगळ्यात अवघड होता प्रसाद. आमच्या घरच्या पूजेला मी गुरुजींना भीत भीत विचारलं, रव्याऐवजी वरईचा शिरा केला तर? ते म्हणाले, "करा की. देवाला पोरीपेक्षा रवा मोठा आहे होय?" त्या दिवशी ठकीने प्रसाद दोनदा मागून घेतला. सगळ्यांच्या देखत.

पुढच्या वर्षभरात रक्तातला आकडा उतरत गेला. चौकटीवरची पेन्सिलीची खूण एकदम चार बोटं वर सरकली. सुनेने मला हाक मारून दाखवली. ती काही बोलली नाही, मीही नाही.

तर ठकी निघाली. निघायच्या आदल्या रात्री तिने आत्यासाठी सूचनांचा कागद लिहिला आणि "आजी, शुद्धलेखन बघ" म्हणून माझ्या हातात दिला. तवा वेगळा. तळणीचं तेल वेगळं. आधी माझी भाकरी, मग तुमच्या चपात्या. हिंग माझाच. शेंगाचटणी आजी पाठवेल. आणि शेवटी सहावी सूचना : ‘एवढ्याशानं काय होतंय’ हे वाक्य बोलायचं नाही.

मी वर पाहिलं. कार्टी गालात हसत होती. आठ वर्षांत त्यावर आम्ही एकदाही बोललो नव्हतो. मला वाटलं होतं, लहान होती, विसरली असेल.

मी लाल पेन घेतलं. दोन ऱ्हस्व-दीर्घ सुधारले. सहाव्या सूचनेपुढे बरोबरची खूण केली आणि कागद परत दिला.

असो. शनिवारी लेक येणार आहे, तिच्याबरोबर पीठ पाठवायचंय. घरघंटी लावते आता.