लोणारचा चंद्र आणि अर्धवट राहिलेला एपिसोड

लोडशेडिंगनं चोरलेला एक सीझन फिनाले बघायला बुलढाणा जिल्ह्यात जाऊन आले. सोबत होती ताई, समोर पौर्णिमा आणि खाली उल्कापाताचं विवर.

‘‘वीकेंडला काय प्लॅन?’’
‘‘लोणार. सीझन फिनाले बघायला.’’
‘‘लोणारला? तिथे नेटवर्क असतं का?’’

पुण्यातल्या माझ्या ग्रुपमधला हा संवाद. फेब्रुवारी 2024 चा शेवटचा आठवडा होता. 22 तारखेला, गुरुवारी, नेटफ्लिक्सवर ‘अवतार : द लास्ट एअरबेंडर’चे आठही भाग एकदम आले होते. शुक्रवार रात्रीपर्यंत मी सात संपवले आणि आठव्यावर लॅपटॉप बंद केला. आठवा भाग मला एकटीनं बघायचा नव्हता. त्याला सोळा वर्षं जुनं कारण होतं, आणि ते कारण बुलढाणा जिल्ह्यात लोणारला राहतं.

शनिवारी पहाटे निघाले. पुण्याहून छत्रपती संभाजीनगर, जालना आणि मग लोणार. ‘वीकेंड गेटअवे’ म्हणाल तर अंतर जरा जास्तच. पण मामाचं गाव म्हटलं की किलोमीटर कोण मोजतं?

चंद्र गेला, लाईट गेली

मे 2008. मी अकरा वर्षांची, मामेबहीण चौदाची. अख्खी सुट्टी आम्ही ‘निक’वर ‘अवतार’ बघत काढली. ज्यांचं बालपण दुसऱ्या चॅनेलवर गेलं त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. जग चार जमातींचं : पाणी, पृथ्वी, अग्नी, वायू. अग्निराष्ट्रानं बाकीच्यांवर युद्ध लादलंय. चारही तत्त्वं वश करू शकणारा एकच, तो ‘अवतार’. आणि तो आहे टक्कल केलेला, बारा वर्षांचा, खोडकर आंग. मायकेल डान्टे डिमार्टिनो आणि ब्रायन कोनिएट्झ्को या दोघांची ही ॲनिमेटेड मालिका अमेरिकेत 2005 ते 2008 या काळात तीन सीझन चालली.

पहिल्या सीझनच्या शेवटी उत्तरेकडच्या जलजमातीच्या बर्फाच्या नगरीवर अग्निराष्ट्राचं आरमार चालून येतं. नगरीच्या मधोमध एक छोटं तळं आहे. त्यात दोन मासे, एक काळा आणि एक पांढरा, एकमेकांभोवती फिरत असतात. एक समुद्राचा आत्मा, दुसरा चंद्राचा. जलजमातीची सगळी ताकद चंद्राकडून येते. सेनापती झाओ पांढरा मासा पिशवीत पकडतो आणि आकाश लालभडक होतं. मग तो माशाला मारतो. चंद्र विझतो.

आणि नेमकी त्याच क्षणी लोणारची लाईट गेली!

दोन सेकंद आम्हाला वाटलं, हा पण एपिसोडचाच भाग. मग पंखा थांबला. त्या काळात विदर्भातल्या तालुक्याच्या गावाला लोडशेडिंग म्हणजे काय, हे ज्यांनी काढलंय त्यांनाच कळेल. लाईट रात्री उशिरा आली. तोवर एपिसोड संपलेला. रिपीट टेलिकास्टचं टायमिंग आणि आमच्या लाईटचं टायमिंग काही जुळलं नाही, आणि शाळा सुरू व्हायच्या आत मी पुण्याला परतले.

पण त्या रात्री अंगणातल्या बाजेवर मी रडकुंडीला आले होते, तेव्हा ताईनं शेवट सांगितला. अगदी बघितल्यासारखा. तिथे एक राजकन्या आहे, युए. जन्मतः ती मरायला टेकली होती, तेव्हा चंद्रानं आपला थोडा जीव तिला दिला, म्हणून तिचे केस पांढरे. तर ताईच्या गोष्टीत युए तळ्यात उतरते, पांढरे केस चंद्राला परत करते, आणि काळेभोर केस घेऊन घरी येते. चंद्र पण वाचतो, पोरगी पण वाचते.

कॉलेजात मास कॉम करताना होस्टेलवर मी खरा एपिसोड पाहिला. त्यात युए सगळा जीवच परत करते. मरते आणि चंद्र होते. मी सुन्न! इतकी वर्षं मी ताईचा शेवट खरा समजून चालले होते.

बिळाचं झाकण उघडणारा पोरगा

लोणारला पोचले तेव्हा दुपार टळली होती. ताई स्टॅण्डवर स्कूटी घेऊन हजर. ‘‘आधी दैत्यसुदन, मग सरोवर, मग तुझा तो टकलू,’’ असा तिचा प्रोग्राम ठरलेला.

दैत्यसुदनाचं देऊळ गावातच आहे. काळ्या दगडाचं, बाहेरच्या भिंती शिल्पांनी गच्च भरलेल्या. खजुराहोला जाऊन सेल्फी काढणाऱ्यांनी आपल्या राज्यातलं हे एकदा बघाच. देव विष्णू, पायाखाली लवणासुर. कथा अशी, की हा असुर इथे जमिनीखाली बीळ करून राहायचा आणि वर येऊन छळ मांडायचा. विष्णूनं देखण्या तरुणाचं रूप घेतलं, असुराच्या दोन बहिणींना भुरळ घातली, त्यांच्याकडून बिळाचा पत्ता काढला, पायाच्या अंगठ्यानं झाकण उडवलं आणि असुराला मारलं. ते बीळ म्हणजे विवर. त्यातलं खारं पाणी म्हणजे असुराचं रक्त.

‘अवतार’ हा शब्द अमेरिकेतल्या दोघांनी जिथून उचलला, ते घर हे आपलं. म्हटलं, ताई, हा तर ओरिजिनल सीझन वन!

ताई शिल्पाकडे बघत म्हणाली, ‘‘त्या दोन बहिणींचं पुढं काय झालं वं? ते काऊन कोणी सांगत नाही?’’

मी गप्प. कथेत खरंच ते नाही.

काळ्या पाषाणातलं चंद्राचं विवर

मग विवर. काठावर आलात की पहिल्यांदा काही बोलताच येत नाही. साधारण 1.8 किलोमीटर रुंदीची गोल वाटी, कडेनं झाडी उतरत गेलेली, तळाशी हिरवट पाणी. पायवाटेनं खाली उतरताना मोर ओरडतात, माकडं तुमच्या पिशवीचा अंदाज घेतात. पाण्याजवळ कमळजादेवीचं जुनं देऊळ आहे. तिथे सडक्या अंड्यासारखा वास येतो, नाकाला रुमाल लावावाच लागतो.

खाली ताई वेगळीच माणूस होते. हातातल्या काठीनं मातीत रेघा मारत ती सांगत होती : 1823 मध्ये अलेक्झांडर नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्यानं या विवराची नोंद केली. नंतर कितीतरी वर्षं लोक याला ज्वालामुखीचं तोंड समजत होते. 1973 मध्ये शास्त्रज्ञांनी इथल्या दगडात ‘मॅस्केलिनाइट’ सापडल्याचं प्रसिद्ध केलं. प्रचंड दाबाच्या धक्क्यानं दगडातल्या खनिजाची काच होते, ती ही. असला धक्का ज्वालामुखी देत नाही, आकाशातून आदळणारा दगड देतो. वय आधी पन्नास हजार वर्षांच्या आसपास धरायचे, 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आर्गॉनच्या मोजणीनं ते पाच लाख सत्तर हजारांवर नेलं.

‘‘आणि सगळ्यात भारी गोष्ट माहीत हाय का? चंद्रावर जे काळे डाग दिसतात ना, तोसुद्धा बसाल्टच. म्हणजे आपला काळा पाषाण. म्हणून चंद्रावरची विवरं समजून घ्यायला जगभरचे लोक लोणारला येतात. त्यांना चंद्रावर जाणं परवडत नाही, एस.टी. परवडते.’’

हे ती शिकली होती. औरंगाबादला जिऑलॉजीत एम.एस्सी.चं पहिलं वर्ष झालं आणि 2016 मध्ये मामाला पॅरालिसिसचा झटका आला. मामेभाऊ नुकताच पुण्यात कंपनीत लागला होता, त्याला रजा मिळेना. मग ताई आली, ‘दोन महिन्यांसाठी’. आता त्याला आठ वर्षं झाली होती. मामाचं झेरॉक्स-स्टेशनरीचं दुकान ती चालवते. मामाची फिजिओथेरपी, मामीची शुगर, सगळं तिच्याकडे. आम्ही सगळे फॅमिली ग्रुपवर तिला ‘ग्रेट आहेस’ म्हणतो. हार्टचा इमोजी टाकतो. मीसुद्धा तेवढंच करत आले होते.

जून 2020 मध्ये, लॉकडाऊनमध्ये, हेच पाणी गुलाबी झालं होतं, आठवतं? नासानं उपग्रहाचे फोटो टाकले, आपण सगळ्यांनी फॉरवर्ड केले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं पाणी तपासलं, तेव्हा कारण निघालं हॅलोआर्किया : खारं पाणी आवडणारे, गुलाबी रंगद्रव्य बनवणारे सूक्ष्मजीव. उन्हाळ्यात पाणी आटलं, खारेपणा वाढला, त्यांची चंगळ झाली. पुढे ते तळाशी बसले आणि रंग गेला. जगानं फोटो पाहायच्या आधीच ताईनं मला व्हॉट्सॲपवर एक फोटो पाठवला होता. खाली दोन शब्द : ‘झाओ आला.’ मी ‘वॉव’ पाठवून दिलं. लॉकडाऊन उठला की येते, असंही लिहिलं. आले चार वर्षांनी.

आणि आता, फिनाले

अंधाराच्या आत वर आलो. 24 फेब्रुवारी 2024, माघ पौर्णिमा. विवराच्या पलीकडच्या काठावरून चंद्र वर आला, आधी तांबूस, मग पांढरा. ग्राफिक्सवर करोडो खर्चून हा शॉट मिळणार नाही, बॉस!

रात्री जेवणं झाली. ज्वारीची भाकरी, झणझणीत ठेचा. मामाला झोपवून ताई हॉलमध्ये आली आणि मी लॅपटॉप उघडला. आठव्या भागाचं नाव ‘लेजंड्स’.

खऱ्या माणसांचा ‘अवतार’ ही तशी दुखरी गोष्ट. 2010 मध्ये एम. नाईट श्यामलननं सिनेमा काढला, त्यात आपला देव पटेल झुको होता, आणि तो सिनेमा फॅन्सनी अजूनही माफ केलेला नाही. नेटफ्लिक्सची मालिकाही मूळ जोडगोळी 2020 मध्येच सोडून गेली. वीस छोट्या भागांची गोष्ट आठात बसवलीय, त्यामुळे पात्रं मनातलं सगळं घाईघाईत बोलून दाखवतात. मूळ मालिकेतला आंग जरा जास्त हसायचा. पण हा गॉर्डन कॉर्मिएर गोड आहे, आणि डॅलस लिउचा झुको भन्नाटच.

फिनालेमध्ये आरमार येतं, मासा मरतो, चंद्र जातो. आंग समुद्राच्या आत्म्यात मिसळून अक्राळविक्राळ जलदैत्य होतो. इथे नवीन काय, तर या रूपातून तो परत येईल याची खात्री नाही. सगळ्यांना वाचवता वाचवता तो स्वतःच संपू शकतो. त्याला हाका मारून परत आणावं लागतं.

आणि युए. मूळ मालिकेत तिचं लग्न ठरलेलं असतं आणि जमातीसाठी ती ते निमूट मान्य करते. अँबर मिडथंडरची युए 2024 ची आहे. तिनं तो साखरपुडा मोडलेला आहे. ती लढते, स्वतः ठरवते. मला वाटलं, वा, अपडेट केलंय! मग ती तळ्यात उतरली.

मी चोरून ताईकडे पाहिलं. ती स्क्रीनकडे बघत होती. सोळा वर्षांनी लाईट गेली नाही. युए चंद्र झाली, सगळे वाचले. शेवटी पुढच्या सीझनसाठी आकाशात धूमकेतूची चाहूलही लागली. धूमकेतू, तोही लोणारमध्ये बसून!

‘‘कसा वाटला?’’ मी विचारलं.

‘‘साखरपुडा मोडू देला तिले,’’ ताई म्हणाली. ‘‘पण शेवट नाही बदलला. दर वेळी पोरीनंच काऊन चंद्र व्हायचं? अन् मग सगळ्यांनी खालून बघून म्हणायचं, किती सुंदर!’’

फॅमिली ग्रुपवरचे माझे हार्ट मला एकेक करून आठवले.

आम्ही गच्चीवर गेलो. चंद्र डोक्यावर आला होता. त्याच्यावरचे काळे डाग स्पष्ट दिसत होते. बराच वेळ कोणी बोललं नाही. मग मी म्हटलं, ‘‘ताई, जूनपासून मी येत जाईन. महिन्यातून एक आठवडा. माझं काम काय, लॅपटॉपवर कुठूनही होतं. दुकान बघेन, मामाकडे बघेन. आणि दादाशी मी बोलते. त्यानंही एक आठवडा घ्यायचा.’’

‘‘बोलशील?’’

‘‘उद्याच.’’

ती हसली. विश्वास ठेवल्यासारखी नाही, पण हसली.

‘‘तुझा शेवट सांग ना,’’ मी म्हटलं. ‘‘तो बाजेवरचा.’’

‘‘पांढरे केस परत करते. घरी येते.’’

‘‘मग?’’

‘‘मग काय,’’ ताई म्हणाली. ‘‘ॲडमिशनचा फॉर्म भरते.’’

जायचंय? हे वाचा

कसं जाल : छत्रपती संभाजीनगरहून सुमारे दीडशे किलोमीटर. रेल्वेनं जालन्याला उतरून पुढे रस्त्यानं. समृद्धी महामार्गानं आलात तर मेहकरजवळ उतरा.

कधी : पावसाळा संपल्यापासून फेब्रुवारीपर्यंत. पौर्णिमा साधलीत तर काठावरून चंद्रोदय बघा.

काय बघाल : दैत्यसुदन मंदिर, गोमुखाची बारमाही धार, कमळजादेवी, आणि विवर अर्थातच.

लक्षात ठेवा : सरोवर हे अभयारण्य आहे आणि 2020 पासून रामसर स्थळही. दगड उचलून आणू नका, प्लास्टिक टाकू नका. चांगले बूट घाला, चढण दमवते.

खायला : जिल्ह्यात आलाच आहात तर शेगावची कचोरी. घरच्यांसाठीही न्या.