दहापैकी सात

मुंबई-गोवा क्रूझच्या शेवटच्या सकाळी आईच्या मोबाइलवर एक फॉर्म आला. केबिन कशी होती, जेवण कसं होतं, वेटर कसा होता, एक ते दहामध्ये मार्क द्या. आईने चष्मा लावला आणि सगळीकडे सात टाकत सुटली. मी तिच्या हातातून फोन जवळजवळ हिसकावलाच. त्या ट्रिपमधलं आमचं पहिलं भांडण ते.

तिचं काही चुकलं नव्हतं. कुडाळजवळच्या शाळेत आयुष्यभर मराठी शिकवलेली बाई ती, तिच्या लेखी सात म्हणजे हुशार मुलगा. पण मी दोन परदेशी कंपन्यांच्या शिपवर मिळून चार कॉन्ट्रॅक्ट वेटर म्हणून काढलीत. तिथे सात म्हणजे नापास. नऊसुद्धा पास नाही, नऊ म्हणजे ‘काय कमी पडलं ते सांग’.

मी शिपवर होतो हे कळलं की मित्र हमखास विचारतात, कुठली क्रूझ भारी रे? त्यांना घसरगुंड्या आणि पूल यांची तुलना हवी असते. ती रील्समध्ये दिसतेच. २०२४ मध्ये आलेल्या ‘आयकॉन ऑफ द सीज’वर वीस डेक आहेत आणि शिप पूर्ण भरली तर साडेसात हजारांवर प्रवासी मावतात, म्हणजे आमच्या आसपासची दोन-तीन गावं. मी सांगतो, ते सोड, रात्रीचं जेवण कसं देतात ते बघ. तुझे सहा-सात दिवस कसे जाणार ते त्यावर ठरतं.

जुनी पद्धत अशी, की तुमचं टेबल ठरलेलं, वेळ ठरलेली, वेटरही ठरलेला. नॉर्वेजियनने २००० साली हे मोडलं. फ्रीस्टाइल, कधीही या, कुठेही बसा. मग बाकीच्यांनीही आपापल्या परीने तसे पर्याय काढले. डिस्नेची गंमत वेगळी. तिथे पाहुणे रोज नव्या रेस्टॉरंटमध्ये जेवतात आणि त्यांचे वेटर त्यांच्याबरोबर फिरतात. पोरांना जागा बदलल्याची मजा, आणि दूध कोमट लागतं हे वेटरला पहिल्या रात्रीपासून माहीत. क्युनार्डवर तुम्ही कुठल्या दर्जाची केबिन घेतलीत त्यावर तुमचं रेस्टॉरंट ठरतं, जुन्या आगबोटीच्या डेक आणि अप्पर क्लाससारखं. आपल्याकडच्या लोकांना ते खटकतं. मला नाही खटकलं. निदान उघड तरी आहे.

माझी पहिली कंपनी जुन्या पद्धतीची होती. दोन पंगती, प्रत्येक पंगतीला वीस-बावीस माणसं, हाताखाली एक असिस्टंट. तिसऱ्या रात्रीपर्यंत कुणाला बर्फ नको, कोण गोळी घेतल्याशिवाय जेवत नाही, कुठल्या नवराबायकोचं आज बिनसलंय, सगळं कळायचं. एका म्हाताऱ्या आजोबांचा हात थरथरायचा. त्यांचं मांस मी गॅलीतूनच कापून आणायचो, टेबलावर कुणाला कळायचंही नाही. शेवटच्या रात्री लोक मिठी मारायचे आणि फॉर्मवर दहा द्यायचे. साताठ महिने एकही सुट्टी नाही, झोपायला पाण्याच्या पातळीखालची दोघांची केबिन, बर्थला पडदा, तेवढीच खासगी जागा. तरी कामाला तोंड होतं, म्हणजे माणसांची तोंडं होती.

दुसरी कंपनी ‘कधीही या’वाली. पगार थोडा जास्त म्हणून गेलो. प्रवाशाला हे सोयीचंच आहे, मी स्वतः प्रवासी असतो तर तेच निवडलं असतं. पण वेटरला रोज सगळे अनोळखी. टेबल उठलं की दुसरं बसतं. ओळख नसली की सूप दहा मिनिटं उशिरा आलं तर ते नुसतं उशिरा आलेलं सूप असतं.

एका रात्री समुद्र खवळला होता. गॅलीत प्लेटा घसरत होत्या, गरम पदार्थ थांबवले होते. आठ जणांचं एक टेबल चाळीस मिनिटं बसून राहिलं. त्यांनी फॉर्मवर माझं नाव लिहिलं. खाली क्रूच्या कॉरिडॉरमध्ये दर आठवड्याला यादी लागायची, वर हिरवी नावं, खाली लाल. त्या आठवड्यात माझं लाल. पुढच्या कॉन्ट्रॅक्टला मला बुफेवर टाकलं, उष्ट्या प्लेटा उचलायला. हुद्दा खाली, पैसे कमी. आईला फोनवर सांगितलं होतं, शिफ्ट बदललीय.

हे सगळं मी तिला त्या सकाळी, फोन हातात धरून, पहिल्यांदा सांगितलं. ती बराच वेळ खिडकीतून बाहेर बघत होती.

मग म्हणाली, “धा देवाक. माणसाक सात खूप झाले.” थोडं थांबून, “पण काल डाळ गार होती की नाय?”

होती. एकदम गार होती.

“मग ती सांगायची कोणाक?”

यावर माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं. चार कॉन्ट्रॅक्टमध्ये मी पाहुण्यांच्या बाजूने हा प्रश्न एकदाही विचारला नव्हता. एवढंच सुचलं, की टेबलावर असतानाच सांगायचं. तेव्हा तो ताट बदलून आणू शकतो. फॉर्ममधून त्याला फक्त शिक्षा कळते.

नाश्त्याला तिने तेच केलं. आमचा वेटर मणिपूरचा, जेमतेम तेवीसचा. आईने तिच्या शाळेतल्या हिंदीत त्याला सांगितलं की डाळ गार होती, मग घरी कोण असतं विचारलं, शेवटची सुट्टी कधी मिळाली विचारलं. डाळीबद्दल त्याने दोनदा सॉरी म्हटलं. आणि न मागता तिच्यासाठी चहा परत आणला, या वेळी वाफाळता.

केबिनमध्ये येऊन तिने फॉर्म पुन्हा उघडला. वेटरसमोरचे सात खोडून दहा केले. सबमिट दाबायच्या आधी विचारलं, “तुका तेव्हा त्यांनी किती दिले होते?”

“सहा.”

तिने चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला. जेवणासमोरचे सात तसेच ठेवले.