होडीत तीनच माणसं

"तुला पोहता येतं का रे?" हा प्रश्न गेल्या चार महिन्यांत मला किमान वीस जणांनी विचारलाय. येतं. बारामतीत नीरा डाव्या कालव्यात पाठीला पत्र्याचा डबा बांधून शिकलोय. पण प्रश्न रास्त आहे, कारण आठवडाभर हिंजवडीत खुर्ची उबवणारा माणूस शनिवार-रविवार होडी बनवतोय म्हटल्यावर दुसरं काय विचारणार?

तर झालं असं की मला जॉन बोटीचं वेड लागलं. रात्री अडीचपर्यंत यूट्यूबवर अमेरिकेतले काका आपापल्या गॅरेजमध्ये अॅल्युमिनियमच्या होड्या सजवताना बघायचे आणि सकाळी स्टँडअपमध्ये जांभया द्यायच्या, असं दीड महिना चाललं. जॉन बोट म्हणजे अगदी साधी गोष्ट. तळ टेबलासारखा सपाट, पुढचं तोंड टोकदार नाही तर ट्रेसारखं चौकोनी. अमेरिकेच्या दक्षिणेकडे दलदलीत मासे धरायला आणि बदकांच्या शिकारीला वापरतात. वीतभर पाण्यातही चालते, हा तिचा मोठा गुण.

आणि वीतभर पाणी म्हटलं की मला उजनीच आठवते. भीमेवरचं हे धरण १९८० साली पूर्ण झालं आणि इंदापूर तालुक्याच्या उत्तर कडेला नदीचा समुद्र झाला. भिगवण, कुंभारगाव, डिकसळ इथं हिवाळ्यात फ्लेमिंगो येतात ते तुम्हाला माहीत असेलच (नसेल तर फेब्रुवारीत जा, पहाटे निघा). ते पक्षी उथळ पाण्यात का उभे असतात? कारण काठाजवळ पाण्याखाली शेतं आहेत. लोकांची शेतं. त्यात माझ्या आजोळचीही.

आजी, म्हणजे आईची आई, जुन्या पळसदेवची. ते गाव धरणात गेलं, नवं पळसदेव पुणे-सोलापूर हायवेला वसलं. जुन्या गावातलं पळसनाथाचं दगडी देऊळ अजून पाण्यात आहे. उजनी 'मायनस'मध्ये खोल गेली की (मृतसाठ्याच्या खाली गेलं की आमच्याकडे टक्केवारी वजा सुरू होते) ते बाहेर येतं. २०२४ च्या उन्हाळ्यात आलं तेव्हा सगळा तालुका बघायला लोटला. आजी तेव्हा मोतीबिंदूचं ऑपरेशन करून पडून होती. राहिलंच. तेव्हाच मी तिला बोलून बसलो, "आजी, तुला मी होडीतून नेतो."

हे झालं प्रोजेक्टचं मूळ. पुढे मी ते पार विसरलो, हे कबूल करतो.

बारामती एमआयडीसीत एक वेल्डर दादा आहेत. स्टीलच्या टाक्या करतात, दुधाचे अॅल्युमिनियमचे कॅन दुरुस्त करतात. मी कागदावर चित्र दाखवलं. त्यांनी ते उलटं धरून पाहिलं, सुलटं धरून पाहिलं. "लगा, दुधाचा कॅन आडवा करून त्यात बसायचंय व्हय?"

पण माणूस कसबी. ५०५२ मिश्रधातूचा दोन मिलिमीटरचा पत्रा मी पुण्याहून आणला. त्यांनी सांध्याची प्रत्येक कड स्टीलच्या ब्रशने घासायला लावली. का, तर अॅल्युमिनियम ६६० अंशाला वितळतं, पण त्याच्यावर जी ऑक्साइडची पापुद्र्याएवढी साय असते तिला दोन हजारांवर तापमान लागतं. साय तशीच ठेवली तर आत धातूचं पाणी होतं आणि वरचं कातडं तसंच राहतं. सांधा दिसायला छान आणि आतून पोकळ. (आमच्याकडे अशा रिलीज दर महिन्याला होतात. असो.)

तीन रविवारांत बारा फुटी होडी उभी राहिली. तळ १.१ मीटर रुंद, वर चार फूट, बाजू ४० सेंटीमीटर उंच, आत तीन आडवी बाकं, वजन ७० किलो. इथपर्यंत सगळं उत्तम होतं.

मग मी कस्टमायझेशन सुरू केलं.

माझी यादी ऐका. पुढे उंच डेक, म्हणजे उभं राहून फोटो काढता येतील. त्यावर फिरती खुर्ची. मधलं बाक काढून मोकळी जागा. ऊन लागू नये म्हणून कापडी छत. बॅटरीवरची मोटर, त्यासाठी घरातल्या इन्व्हर्टरची ५५ किलोची बॅटरी. एलईडी पट्ट्या. स्पीकर. आणि चहाचा कप ठेवायला चार गोल खाचा. एक्सेल शीट होती, रंग दिलेली.

दोन रविवारांत मधलं बाक कापून निघालं आणि डेक बसला. पाण्याला टिकणाऱ्या, आयएस ७१० मार्कच्या मरीन प्लायचा, ४० किलोचा. पत्रा आणि फ्रेमसकट फरशीपासून ३५ सेंटीमीटर वर. दिसायला असा झकास की मी फोटो स्टेटसला टाकला.

होडी छोटा हत्तीत घालून मामाच्या शेताच्या कडेला नेली. जलाशय जलसंपदा विभागाचा, त्यामुळे तिथला अर्ज आधीच करून ठेवला होता. मोटर लावली की २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदाही येतो, म्हणून तूर्त मोटर नाही, फक्त वल्ही आणि बांबू. कमरेएवढ्या पाण्यात चाचणी घेतली. मिश्रखताची ५० किलोची चार पोती ठेवली आणि पट्टीने मोजलं. होडी सहा सेंटीमीटर खाली गेली. माझं गणित तेच सांगत होतं: दर ३३ किलोला एक सेंटीमीटर. मी खूश. मामा पोतं भिजतंय का ते बघत होते.

मग पोती उतरवून मी आणि माझा मित्र डेकवर चढलो, कॅमेरे घेऊन. डावीकडे चित्रबलाक उतरले. दोघांनीही एकदम डावीकडे पाहिलं. म्हणजे पाय न हलवता नाही, एकेक पाऊल टाकून पाहिलं.

पुढचं मला नीट आठवत नाही. पाणी गार होतं एवढं आठवतं.

मामा काठावर हसून हसून खाली बसले. पण जवळच जाळं आवरत असलेले कोळी काका हसले नाहीत. त्यांनी येऊन होडी सरळ केली, पाणी उपसलं आणि डेकवर हात ठेवून विचारलं, "हे कशापायी?"

"उभं राहायला."

"होडीत उभा ऱ्हातो त्यो एकटाच. बांबूवाला. बाकीच्यांनी बुड टेकायचं."

त्या रात्री मामाच्या ओसरीवर लॅपटॉप उघडून मी ते गणित केलं, जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आम्हाला मेटासेंटर होतं. मी ते पाठ करून पास झालो होतो. ढोबळ सांगतो. तरंगणारी वस्तू कलली की तिला पुन्हा सरळ करणारा जोर कुठून येतो, तर तिच्या रुंदीतून. आणि त्या जोराला खातं कोण, तर उंचावर ठेवलेलं वजन. साध्या फरशीवर दोन माणसं उभी राहून ४० सेंटीमीटर एकाच बाजूला सरकली, तर माझी होडी सुमारे १७ अंश कलते आणि काठ पाण्यापासून सोळाएक सेंटीमीटर वर राहतो. तीच माणसं डेकवर असली तर २४ अंश, आणि काठ उरतो फक्त ६ सेंटीमीटर. बोटाएवढी लाट आली की संपलं. मी ४० किलो लाकूड आणि दोन रविवार खर्च करून होडीची बरीच स्थिरता काढून टाकली होती.

आणि मधलं बाक? ते नुसतं बसायला नसतंच. दोन्ही बाजूंना ताणून धरणारा तो आडवा बांध असतो, आणि त्याच्या पोटात फोम भरायची जागा असते. लाकडी होडी पाण्याने भरली तरी तरंगते. अॅल्युमिनियमची दगडासारखी तळाला जाते, आत फोम नसेल तर. प्रत्येक बाकाखाली साधारण ६५ लिटर जागा, म्हणजे जवळपास तेवढेच किलो उचलायची ताकद. त्यातला एक तृतीयांश मी 'मोकळ्या जागेसाठी' भंगारात टाकला होता.

हे सगळं विनोदी वाटलं असतं. पण आम्ही बसलो होतो तो काठ कुठला? २१ मे २०२४ च्या संध्याकाळी पलीकडच्या करमाळा तालुक्यातल्या कुगावहून आमच्या इंदापूरच्या कळाशीला येणारी प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली. सहा माणसं गेली. नदीचा जलाशय झाला तरी सोयरीक दोन्ही काठांना आहे, रस्त्याने जायचं तर मोठा वळसा पडतो, म्हणून लोक पाण्यावरून जातात. हौसेसाठी नाही. त्याच पाण्यावर मी छत लावणार होतो, ज्याचं वळवाच्या वाऱ्यात सरळ शीड झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजी काठी टेकत होडीपाशी आली. लोखंडी खाट बघावी तशी तिने होडी बघितली.

"ह्यात मी चढू कशी?"

मी गप्प. रंगीत एक्सेल शीटमध्ये तेवीस ओळी होत्या, त्यात आजी कुठेच नव्हती.

"धरायला कायतरी कर. आन् टेकायला पाठ. माझी कंबर ऱ्हात न्हाय."

युजर रिक्वायरमेंट दोन वाक्यांत आटोपली.

मग रिव्हर्ट सुरू केलं. डेक काढला. वेल्डर दादांनी काही न बोलता मधलं बाक पुन्हा बसवलं (पैसे मात्र दुप्पट घेतले, बरोबरच आहे). तिन्ही बाकांत पॉलिथिन फोम भरला. थर्माकोल स्वस्त पडतं, पण उद्या पेट्रोलचं इंजिन लागलं तर सांडलेल्या पेट्रोलमध्ये ते विरघळतं. इन्व्हर्टरची बॅटरी घरी परत गेली. मोटर लागेल तेव्हा १२ किलोची लिथियम घेईन. फरशीवर जुन्या योगा मॅट चिकटवल्या, कारण पत्र्यावर चप्पल जरी आपटली तरी ढोल वाजतो आणि पक्षी उडतात. मॅटचा दुसरा फायदा, उन्हात पाय भाजत नाहीत. बाजूला पायरी, चढताना धरायला गोल पाइपची दांडी, मधल्या बाकाला पाठ. पाइपच्या लोखंडी बोल्टखाली रबराचे वॉशर, म्हणजे दोन धातू एकमेकांना खाणार नाहीत. चहाची एक खाच ठेवली. एवढी हौस चालते.

आणि शेवटचं कस्टमायझेशन: नंबरप्लेट रंगवणाऱ्याकडून बाहेरच्या बाजूला लिहून घेतलं, 'माणसं ३'. अमेरिकेत वीस फुटांच्या आतल्या बोटींवर किती माणसं आणि किती वजन याची पाटी कायद्याने लागते. पाटी नसेल तर तिथला ठोकताळा असा: लांबी गुणिले रुंदी, फुटांत, भागिले पंधरा. बारा गुणिले चार, भागिले पंधरा, ३.२. उरलेलं पॉइंट दोन माणूस काठावर.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी सकाळी सातला निघालो. वारा अजून उठला नव्हता. आजी, बांबू घेऊन काका आणि मी. नऊवारीवर नारिंगी लाइफ जॅकेट घालताना आजी कुरकुरली, पण काकांनीही घातलं म्हटल्यावर गप्प झाली. तेवढ्यात मामा आले. नवा शर्ट, डोक्यावर टोपी.

"मामा, तीनच," मी म्हटलं.

"आरं मी काय परका हाय? जरा सरकून बसू."

लहानपणापासून या माणसाने मला सायकल घेऊन दिली, अॅडमिशनला पैसे दिले. जिपात नऊ, रिक्षात सहा, मोटरसायकलवर चार बसवायची आपली रीत. त्यात मामाला नाही म्हणायचं म्हणजे काय, ते तुम्हाला कळेल. सगळं मेटासेंटर सोपं होतं. हे अवघड होतं. मी पाटीकडे बोट दाखवलं. मामा एक शब्द न बोलता बांधावर जाऊन उलटे बसले.

होडी आठ सेंटीमीटर बुडली होती, काठ भरपूर वर. आजीने दांडी दोन्ही हातांनी धरली होती. काकांनी काठावरचं एक झाड आणि लांबची पाण्याची टाकी एका रेषेत आणली आणि बांबू थांबवला.

"हितं. खाली देऊळ."

पाणी हिरवट, गढूळ. काहीच दिसत नव्हतं. आजी बराच वेळ बघत होती. मग तिने हात लांब करून कुठेतरी उजवीकडे दाखवलं. "आमची गल्ली तिकडं. चढ व्हता तिथं. पाणी आणताना दम लागायचा." एवढंच बोलली. थोड्या वेळाने म्हणाली, "चल, ऊन झालं. आन् त्याला ने आता. फुगून बसलाय."

दुसऱ्या फेरीला मामा आले. मधल्या बाकावर टेकून बसले, दांडी हलवून बघितली, मॅटवर पाय आपटून बघितला. अर्ध्या वाटेवर म्हणाले, "बाक बरं बसवलंय."

मोटरचे कागद अजून व्हायचेत. तोपर्यंत बांबू मारायला शिकतोय. उभं राहायची परवानगी सध्या फक्त काकांना आहे.