उन्हाळी बदल्या

आमच्या घरी 'बदली' या शब्दाला एक वास आहे. मे महिन्याचा, पिकत घातलेल्या आंब्यांचा आणि ट्रंकेतल्या डांबरगोळ्यांचा. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. बदल्यांच्या ऑर्डरी निघायच्या त्या उन्हाळ्याच्या सुट्टीत. तलासरीत आलेला प्रत्येक गुरुजी पहिल्या दिवसापासून इथून सुटायची वाट बघत असतो, असं आमच्याकडे गमतीनं म्हणतात. त्यामुळे जूनमध्ये शाळा उघडली की कोण गेलं, कोण आलं, हीच पहिली बातमी. मला तिसरीत शिकवणारे गुरुजी असेच एका मे महिन्यात गेले. निरोप नाही, काही नाही. मी दोन दिवस जेवलो नव्हतो म्हणे.

आता मी पस्तिशीला आलो, अंधेरीत कोड लिहितो आणि दर उन्हाळ्यात अजून तेच करतो. कोण गेलं, कोण आलं. फक्त गुरुजींच्या जागी फुटबॉलपटू आलेत. :)

तर मंडळी, मी मुंबई सिटी एफसीचा फॅन आहे. ऑफिसात अर्धे लोक मँचेस्टर युनायटेडवाले, उरलेले आर्सेनल आणि लिव्हरपूलवाले. पहाटेपर्यंत जागून परदेशातल्या क्लबसाठी रडतात आणि स्वतःच्या ऑफिसपासून रिक्षाच्या अंतरावर असलेल्या स्टेडियममध्ये एकदाही गेलेले नसतात. असो. माझं प्रकरण सोपं आहे. क्लबही ऑगस्ट २०१४ चा आणि आमचा पालघर जिल्हाही ऑगस्ट २०१४ चा. दोघं एकाच वर्गातले. पहिल्या सीझनला निकोला अनेल्का आणि फ्रेडी युनबर्ग आलेत म्हटल्यावर तलासरीहून जीपनं डहाणू रोड, तिथून लोकल, असं करत नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमला पोचलो होतो. परत जायला रात्री काही मिळेना, म्हणून विरारला मित्राकडे मुक्काम. तेव्हापासून अडकलो तो अडकलोच.

आज लिहायचंय ते २०२४ च्या उन्हाळ्याबद्दल. जखम जुनी आहे, पण खपली निघत नाही.

आधी ४ मे २०२४. सॉल्ट लेक स्टेडियम, आयएसएल कपची फायनल, समोर मोहन बागान. तीनच आठवड्यांपूर्वी, १५ एप्रिलला, याच मैदानावर त्यांनी आम्हाला २-१ नं हरवून लीग शील्ड नेली होती. त्यांचे ४८ गुण, आमचे ४७. एका गुणानं! फायनललाही हाफटाइमच्या तोंडावर कमिंग्जनं गोल केला आणि मी लॅपटॉप मिटून घेतला. मग पुन्हा उघडला. पेरेरा दियाझनं बरोबरी केली, शेवटच्या दहा मिनिटांत बिपिन सिंग, आणि इंज्युरी टाइममध्ये याकुब वोयतुश. ३-१. कप्तान राहुल भेकेनं कप उचलला. आपला मुंबईचा पोरगा. मी एकटाच खोलीत नाचत होतो, खालच्या मजल्यावरच्या काकू विचारायला आल्या की पडलात का.

आणि मग जून आला.

अपुया मोहन बागानला गेला. म्हणजे ज्यांना हरवलं त्यांच्याकडेच. भेके बंगळुरूला. दियाझ बंगळुरूला. नोगेरा बंगळुरूला. आदल्याच हिवाळ्यात सोडून गेलेला आमचा ग्रेग स्टुअर्टही स्कॉटलंडहून परतला, तो बागानकडे. घर बदलताना ट्रकवाला आधी फ्रिज, मग कपाट, मग पलंग नेतो, तसं एकेक सामान बाहेर जात होतं आणि आपण दारात उभे.

आता तुम्ही म्हणाल, बदल्यात कोणी आलंच नाही का? आले की. निकोस कारेलिस आला, योएल फान नीफ आला, जॉन तोराल आला. गोव्याहून ब्रँडन फर्नांडिस आला. सुट्टा सुट्टा बघितलं तर एकही माणूस वाईट नाही. पण आपल्या धंद्यातलं उदाहरण देतो. एका रिलीजमध्ये तुम्ही एक मॉड्यूल बदलू शकता, फार तर दोन. डेटाबेस, मिडलवेअर आणि फ्रंट एंड तिन्ही एकदम बदललं आणि वर म्हणालात की 'फीचर्स तीच आहेत', तर प्रॉडक्शनला काय होतं ते इथं वाचणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. भेके म्हणजे मागची फळी, अपुया म्हणजे मधली, नोगेरा आणि दियाझ म्हणजे पुढची. आमचा कणाच काढून घेतला होता. हात-पाय नवे आणि चांगले होते, पण ते जोडायचे कशाला?

परदेशी खेळाडू जाणार हे मी धरून चालतो. ते येतात, दोन सीझन खेळतात, जातात. माझी तक्रार अपुया आणि भेकेबद्दल होती. मैदानावर एका वेळी परदेशी असतात चार. उरलेले सात भारतीय. चांगला परदेशी स्ट्रायकर जगात कुठूनही आणता येतो, पण अपुयासारखा भारतीय मिडफिल्डर देशात किती आहेत? हाताच्या बोटांवर. तो गेला की तुमचा एक कमी होतो आणि समोरच्याचा एक वाढतो, म्हणजे दोनाचा फरक. ही साधी वजाबाकी क्लबमध्ये कोणी केली नाही का, असं मी तेव्हा भेटेल त्याला विचारत होतो.

निकाल काय लागला तो सगळ्यांना माहीत आहे. २०२४-२५ ला आम्ही सहावे, ३६ गुण. शेवटच्या सामन्यात ११ मार्चला बंगळुरूला त्यांच्याच घरी २-० नं हरवून कसेबसे प्लेऑफमध्ये शिरलो. आणि १८ दिवसांनी त्याच मैदानावर त्याच बंगळुरूनं आम्हाला ५-० नं धुतलं. पाचवा गोल कोणी केला? दियाझनं. बसा आता! पुढे सेमीफायनलला इंज्युरी टाइममध्ये गोल मारून बागानला फायनलमध्ये कोणी नेलं? अपुयानं. १२ एप्रिल २०२५ ची फायनल बागान विरुद्ध बंगळुरू. एका संघात अपुया, स्टुअर्ट. दुसऱ्यात भेके, नोगेरा, दियाझ. म्हणजे फायनलला आमचीच माणसं होती, फक्त जर्सी आमची नव्हती.

इथपर्यंत रडगाणं. आता जरा प्रामाणिकपणे.

२०२० चा उन्हाळा आठवा. आदल्या नोव्हेंबरात सिटी फुटबॉल ग्रुपनं आमच्या क्लबचा ६५ टक्के हिस्सा घेतला होता, खिशात पैसे खुळखुळत होते. गोव्यानं नुकतीच पहिलीवहिली लीग शील्ड जिंकलेली. आम्ही काय केलं? त्यांचा आधीचा कोच लोबेरा आणला. मग फॉल. मग जाहू. मग बूमूस. मग मंदार राव देसाई, तो तर अस्सल गोंयकार! माझ्या शेजारच्या क्यूबिकलमध्ये मडगावचा एक मित्र बसायचा. तेव्हा वर्क फ्रॉम होम चालू होतं म्हणून वाचला, नाहीतर मी रोज त्याच्या डेस्कवर पेढे ठेवले असते. त्या सीझनला आम्ही सेमीफायनलला त्याच गोव्याला पेनल्टीवर काढलं आणि १३ मार्च २०२१ ला फातोर्ड्याला, त्यांच्याच अंगणात, कप उचलला. तेव्हा मी 'निष्ठा' वगैरे शब्द तोंडातूनसुद्धा काढला नव्हता. तेव्हा ती 'हुशार रिक्रूटमेंट' होती.

आणि भेके? २०२१ ला तो आमच्याकडे आला कुठून? बंगळुरूहूनच. २०१९ ला एक्स्ट्रा टाइममध्ये हेडर मारून त्यानं बंगळुरूला कप जिंकून दिला होता. एप्रिल २०२२ ला रियाधमध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबविरुद्ध गोल करून त्यानं आम्हाला आशियाई चॅम्पियन्स लीगमधला भारतीय क्लबचा पहिलावहिला विजय मिळवून दिला. जिथं होता तिथं पूर्ण कामाचा होता. अजून काय हवं माणसाकडून?

हे सगळं मला आपोआप सुचलं असं नाही. सुचवलं ते एका मित्रानं.

आमच्या गावच्या टीमचा लेफ्ट बॅक. शाळेपासून माझ्याबरोबर. नाव लिहीत नाही, त्याला आवडणार नाही. आमच्याकडचे बरेच आदिवासी तरुण बोटीवर खलाशी म्हणून जातात, सौराष्ट्राच्या किनाऱ्यावरच्या बंदरांत. पावसाळ्यात मासेमारी बंद असते तेवढे दोन-अडीच महिने घरी. ऑगस्टमध्ये तांडेलाचा माणूस येतो, हातावर उचल ठेवतो, आणि पोरं गाडीत बसून जातात ती थेट पुढच्या जूनला उगवतात. म्हणून आमच्या गावचा फुटबॉलचा मोसम जून-जुलै. चिखलात, शाळेच्या मैदानावर. ऑगस्ट लागला की आमची अर्धी टीम 'ट्रान्सफर' होते. समुद्रातली हद्द चुकली तर थेट कराचीचा तुरुंग, तसे अडकलेले लोक आमच्या आणि डहाणू तालुक्यात आहेत. त्याची आई तो परत येईपर्यंत रेडिओवरची बातमी चुकवत नाही.

ऑगस्ट २०२४ ला मी शनिवार-रविवार घरी होतो. तो निघायच्या तयारीत. ओट्यावर बसून मी त्याला अपुयाबद्दल सुनावत होतो. पैशासाठी गेला, बिनकण्याचा निघाला, असं बरंच काही. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तू पण चैतात कंपनी बदललीस ना रं?"

मी गप्प.

बदलली होती. चाळीस टक्के वाढ मिळाली म्हणून. नव्वद दिवसांचा नोटीस पीरियड कुरकुरत काढला, शेवटच्या दिवशी केक कापला आणि गेलो. जुन्या टीमचा प्रोजेक्ट माझ्यानंतर तीन महिने लडखडत होता, असं कळलं. मला एकदाही वाटलं नाही की मी बिनकण्याचा आहे.

मी विचारलं, "तू का जातोस मग त्याच बोटीवर? गेल्या वर्षीच म्हणत होतास की तांडेल शिव्या घालतो, हिशेब नीट देत नाही." तो हसला. त्या वर्षी त्याचं लग्न झालं होतं. लग्नासाठी मोठी उचल घेतली होती. ती फिटेपर्यंत बोट बदलता येत नव्हती.

मला एकदम बाबांच्या कपाटातलं गोदावरी परुळेकरांचं 'जेव्हा माणूस जागा होतो' आठवलं. आमच्या तालुक्यातलं झरी गाव. २३ मे १९४५ ला (तोही उन्हाळाच) तिथं वारल्यांची परिषद भरली आणि वेठबिगार करायची नाही असं ठरलं. तेव्हा इथं 'लग्नगडी' असायचे. लग्नासाठी जमीनदाराकडून कर्ज घ्यायचं आणि मग नवरा-बायकोनं आयुष्यभर त्याच्या शेतावर राबायचं. सोडून जायची सोय नाही. आता ते तसं राहिलेलं नाही, कायदे आहेत, मित्राची उचल एक-दोन मोसमांत फिटणारी होती. दोन्ही एकच म्हणणं चूक होईल. पण 'फिटेपर्यंत जाता येत नाही' हे वाक्य मी त्या ओट्यावर ऐकलं आणि मला कसंतरीच झालं.

फुटबॉलमध्येही फार जुनी गोष्ट नाही. १९९० ला ज्यां-मार्क बोसमान नावाच्या बेल्जियन खेळाडूचा करार संपला, तरी त्याचा क्लब पैसे घेतल्याशिवाय त्याला सोडेना. पाच वर्षं तो कोर्टात भांडला. १५ डिसेंबर १९९५ ला युरोपच्या न्यायालयानं सांगितलं की करार संपला की माणूस मोकळा. आज करार संपवून फुकट क्लब बदलणारा प्रत्येक खेळाडू त्याच्या जिवावर बदलतो. खुद्द बोसमानचं करिअर मात्र त्यातच संपलं.

माझ्याकडे जॉइनिंग बोनस पडून होता. मी म्हटलं, उचल किती राहिलीय ते सांग, मी देतो, फेडून टाक. वाटलं होतं खूश होईल. तो बराच वेळ बोललाच नाही. मग म्हणाला, "मग तुझा खलाशी व्हायचं काय?"

पुढे आम्ही त्या विषयावर बोललो नाही. जाताना त्यानं विचारलं, "छांगते आहे ना?" म्हटलं, आहे. "मग बघ. एक तरी आहे."

पुढचा, २०२५ चा उन्हाळा तर आणखी भारी होता. जुलैत कळलं की लीगचं भवितव्यच अधांतरी आहे. कोणी येवो, कोणी जावो, खेळणार कुठे? बिपिन सिंग ईस्ट बंगालला गेला, मेहताब सिंग बागानला, आणि गंमत म्हणजे मला राग आला नाही. काही क्लबांनी पगारच थांबवले होते. अशा वेळी ज्याला जागा मिळाली त्यानं घ्यावी, यात बोलण्यासारखं काय आहे? डिसेंबरात सिटी ग्रुपही आपला हिस्सा सोडून निघून गेला. म्हणजे मालकांचीसुद्धा बदली. शेवटी १४ फेब्रुवारी २०२६ ला लीग सुरू झाली तेव्हा मी कोण खेळतंय यापेक्षा खेळतायत यालाच टाळ्या वाजवल्या.

क्लबवरचा राग मात्र कायम आहे, तो सोडणार नाही. खेळाडूनं जावं, तो त्याचा हक्क. पण त्याला थांबावंसं वाटेल असं काही करणं हे क्लबचं काम, आणि २०२४ ला ते झालं नाही. त्यांच्याकडे पैसा होता, कप होता, एका गुणानं हुकलेली शील्ड होती. तेवढ्यावर माणसं टिकायला हवी होती.

आणि मित्र? २०२५ च्या जूनला तो आला, चिखलात दोन मॅच खेळला, एक पेनल्टी आभाळात मारली. उचल फिटली होती. ऑगस्टमध्ये तांडेलाचा माणूस आला तेव्हा हा घरी नव्हताच. झाईच्या एका बोटीवर गेला होता, इथंच, आमच्याच तालुक्यात. बोट लहान, पैसे बरेच कमी. पण दर चार-पाच दिवसांनी घरी येतो. फोन करून मला सांगितलं, "बदली झाली माझी."

मी विचारलं, किती मिळतात? त्यानं आकडा सांगितला. माझ्या तोंडून निघून गेलं, "अरे, एवढे कमी?"

"तू नाही कळायचा," तो म्हणाला, आणि रविवारी खेळायला येतोस का ते विचारलं.