भट्टीतलं गार गाव

दोस्तांनो, उन्हाळ्याच्या सुटीत कधी नागपूर-अकोल्याकडे गेला आहात? सकाळीच बाजारहाट उरकायचा, दुपारी दारं-खिडक्या लावून घ्यायच्या आणि वाळ्याचा वास घेत कूलरपुढे पडून राहायचं. पण तिथे निदान जूनमध्ये पाऊस येतो आणि सुटका होते. आज आपण जिथे जाणार आहोत, तिथे ऊन असं लवकर आवरतं घेत नाही बरं का!

हे गाव आहे अमेरिकेतलं फिनिक्स. ॲरिझोना राज्याची राजधानी. सोनोरन नावाच्या वाळवंटात वसलेली. वर्षाकाठी पाऊस जेमतेम १८-२० सेंटिमीटर. शहराबाहेर पडलात की सग्वारो नावाचे प्रचंड निवडुंग दिसतात, हात वर करून उभ्या राहिलेल्या पहारेकऱ्यांसारखे. काही तर दोन-तीन मजली घराएवढे उंच!

इथे फार पूर्वी होहोकाम लोकांनी मैलोन् मैल कालवे खणून शेती केली होती. पुढे ती वस्ती ओस पडली. एकोणिसाव्या शतकात आलेल्या लोकांनी त्याच जुन्या कालव्यांच्या खुणांवर नवं गाव उभारलं. राखेतून पुन्हा जन्म घेणाऱ्या फिनिक्स पक्ष्याचं नाव गावाला मिळालं ते म्हणूनच.

आता इथलं ऊन बघा. २६ जून १९९० रोजी इथला पारा ५० अंश सेल्सिअसवर पोचला होता. २०२३ साली तर ३० जूनपासून ३० जुलैपर्यंत, म्हणजे सलग ३१ दिवस, कमाल तापमान ४३ अंशांच्या वरच होतं. रात्रीसुद्धा गारवा नाही. सिमेंट आणि डांबर दिवसभर पिऊन ठेवलेली उष्णता रात्रभर ओकत राहतात. त्या उन्हाळ्यात तापलेल्या रस्त्यावर पडल्यामुळे लोक भाजले. एवढंच काय, वाळवंटात मुरलेल्या काही सग्वारोंचेही हात गळून पडले!

मग इथे माणसं राहतात तरी कशी? पूर्वी लोक अंगणात किंवा ओसरीत, ओल्या चादरी टांगून झोपत. नंतर आपल्यासारखेच पाण्याचे कूलर आले. माठातलं पाणी ज्या कारणाने गार होतं, तेच कारण इथेही. पाण्याची वाफ होताना ते आजूबाजूची उष्णता घेतं. पण जुलै-ऑगस्टमध्ये तिथेही दमट वारे येतात (त्यांना तिथेसुद्धा ‘मॉन्सून’च म्हणतात!) आणि हवा दमट झाली की कूलरची जादू संपते. म्हणून आता बहुतेक घरांत एअर कंडिशनर असतो. कित्येक घरांवर तो चक्क छपरावर बसलेला दिसतो.

एसी गारवा ‘तयार’ करतो, असं तुम्हाला वाटतं ना? तसं नाही. तो हमाल आहे, हमाल! घरातली उष्णता उचलायची आणि बाहेर नेऊन टाकायची, हे त्याचं काम. इंजेक्शनच्या आधी डॉक्टर स्पिरिट लावतात, तेव्हा ते उडून जाताना दंड गार लागतो. एसीच्या नळ्यांतला द्रवही असाच घरात उष्णता घेऊन वायू होतो. मग कॉम्प्रेसर त्याला दाबतो, तो चांगलाच तापतो आणि बाहेरच्या जाळीत आपली उष्णता सोडून पुन्हा द्रव होतो.

आता बाहेरच ४५ अंश असतील तर? हमालाला आधीच चढ चढायचा आहे. त्यात वाळवंटातल्या धुळीची वादळं. ५ जुलै २०११ ला तर धुळीची भलीमोठी भिंतच शहरावर चालून आली होती. ही धूळ जाळीत बसली की उष्णता बाहेर पडेना. नाकावर जाड रुमाल बांधून पळायला लावल्यासारखं यंत्र धापा टाकतं.

मग एक दिवस ते बंद पडतं. पुष्कळदा बिघडलेला असतो एक छोटासा, स्वस्त भाग, कपॅसिटर. मोटारीला जोर देणारा. उष्णतेने त्याचं आयुष्य घटतं. मेकॅनिक येतो, नवा कपॅसिटर बसवतो, दहा मिनिटांत यंत्र सुरू! सगळे खूश. पण जाळी तशीच धुळीने भरलेली राहिली, किंवा पंख्याची मोटार जाम होत आली असेल, तर नवा भागही लवकरच जळणार.

गॅसचंही तेच. एसीतला गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. तो बंद नळ्यांत गोल गोल फिरत असतो. कमी झाला, याचा अर्थ कुठेतरी गळती आहे. गळती न शोधता वरून गॅस भरणं म्हणजे सायकलचं पंक्चर न काढता हवा भरणं! चार दिवस चालेल, पुढे?

म्हणून फिनिक्समधले जाणते कारागीर उन्हाळ्याआधीच, वसंतात, यंत्र तपासून घ्यायला सांगतात. जाळी धुतात, गॅसचा दाब मोजतात, माळ्यावरून जाणारे हवेचे पाइप कुठे फाटले आहेत का ते पाहतात. भर उन्हाळ्यात हा माळा ६० अंशांपर्यंत तापतो. तिथे रांगत जाऊन काम करायचं, म्हणजे भट्टीतच शिरायचं. म्हणून अवघड कामं ते भल्या पहाटे उरकतात.

एवढा खटाटोप कशासाठी? चैनीसाठी नव्हे. फिनिक्स ज्या मॅरिकोपा काउंटीत येतं, तिथे २०२३ साली उष्णतेशी संबंधित ६४५ मृत्यू नोंदले गेले. त्यांत बेघर माणसं पुष्कळ होती. पण काही जण आपल्या घरातच गेले, आणि त्यांतल्या अनेकांकडे एसी होता, फक्त तो चालत नव्हता. भाड्याच्या घरातला एसी खोल्या ८२ अंश फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे साधारण २८ सेल्सिअसपर्यंत, गार ठेवू शकला पाहिजे, असा नियमच या शहराने केला आहे. इथे मेकॅनिकचं काम डॉक्टरच्या तोडीचं आहे, ते यामुळेच.

चांगला डॉक्टर नुसता ताप उतरवत नाही, ताप का आला ते शोधतो. तुमच्याकडे पंखा, कूलर किंवा एसी दुरुस्त करायला कोणी आलं, तर जवळ उभं राहून जरूर बघा. (हात मात्र लावू नका हं! वीज बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये जोरदार झटका देण्याइतकी वीज उरलेली असू शकते.) आणि काम संपत आलं की एक प्रश्न विचारा, “काका, हे बिघडलं कशामुळे?” ज्या काकांना याचं उत्तर देता येईल, त्यांचा फोन नंबर आईला वहीत लिहून ठेवायला सांगा!