कशावरून?

छत्तीस वर्षे मी शाळेत शिकवले. इतकी वर्षे शिकवणाऱ्या माणसाच्या अंगी हळूहळू एक खोड जडते. विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर आपल्याला आलेच पाहिजे, असे त्याला वाटू लागते. आणि उत्तर येत नसले, की तो आवाज चढवतो. माझीही तीच गत झाली होती. निवृत्त झाल्यावर खडू सुटला, घंटा सुटली. ती खोड मात्र सुटली नाही. ती माझ्या बारा वर्षांच्या नातवाने सोडवली, आणि तीही एका मोटारीच्या दोन नळ्यांपुढे.

मी माझ्या मुलाकडे अमेरिकेत गेलो होतो. तो कोलोरॅडो राज्यातील डेन्व्हर शहरी राहतो. शहराच्या पश्चिमेस रॉकी पर्वताच्या रांगा उभ्या आहेत. त्या ओलांडणारा हमरस्ता आयझेनहॉवर बोगद्यातून जातो, आणि हा बोगदा आहे सुमारे ३,४०० मीटर उंचीवर. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई; त्याची उंची १,६४६ मीटर. म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहून अधिक उंचीवरून तेथे मोटारी धावतात! मुलाने आपल्या जुन्या पिकअप ट्रकला एक ट्रेलर जोडून आम्हां सर्वांना त्या घाटापलीकडे मुक्कामास नेण्याचे ठरवले होते.

त्या ट्रकचे गिअर आपोआप बदलत. अशा गाडीत इंजिनाची शक्ती चाकांकडे जाताना वाटेत तेल असते. दोन पंखे समोरासमोर ठेवून एक सुरू केला, तर त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागतो. येथे वाऱ्याचे काम तेल करते, इतकेच. हेर्मान फोटिंगर या जर्मन इंजिनिअरने ही युक्ती १९०५ साली जहाजांसाठी शोधून काढली. पुढे १९४० च्या सुमारास ती आपोआप गिअर बदलणाऱ्या मोटारींत आली. सपाट रस्त्यावर हे तेल फारसे कुरकुरत नाही. परंतु मागे जड ओझे आणि पुढे लांबच लांब चढ असला, म्हणजे एक पंखा जोराने फिरतो, दुसरा मागे पडतो, आणि मधले तेल डेऱ्यातील ताकासारखे घुसळले जाऊन तापते. फार तापलेले तेल लवकर बिघडते आणि आपल्याबरोबर गिअरपेटीलाही बिघडवते. म्हणून हे तेल एका नळीने रेडिएटरकडे जाते, तेथे निवते आणि दुसऱ्या नळीने परत येते. घाटाच्या प्रवासासाठी मुलाने आणखी एक ऑइल कूलर आणला होता. तो परतीच्या नळीवर बसवावा, असे त्याच्याबरोबरच्या सूचनापत्रात लिहिले होते. त्याचे कारणही उघड आहे. चालत्या गाडीच्या रेडिएटरमधील पाणी स्वतःच ९० अंशांच्या आसपास तापलेले असते. नव्या कूलरने वाऱ्यावर निववलेले तेल नंतर त्या पाण्याजवळ नेले, तर गमावलेली उष्णता ते पुन्हा गोळा करील. म्हणून आधी रेडिएटर, मग कूलर, आणि मग गिअरपेटी, असाच क्रम हवा.

अडचण एवढीच होती, की दोन्ही नळ्या जुळ्या भावंडांसारख्या दिसत होत्या. एक वर, एक खाली. कोणीवर नाव नाही, बाण नाही.

“यांतली जाणारी कोणती आणि परत येणारी कोणती?” मुलगा स्वतःशीच पुटपुटला. प्रश्न मला विचारलेला नव्हता; पण शिक्षकाला तेवढेही पुरते.

मी म्हणालो, “उष्ण पदार्थ वर चढतो. तेव्हा वरची नळी गरम तेलाची, खालची परतीची. यात विचार कसला करायचा?”

“बरे बाबा,” असे म्हणून मुलाने खालची नळी कापण्यासाठी हत्यार उचलले.

इतक्यात नातू म्हणाला, “आजोबा, कशावरून?”

“एकदा सांगितले ना!” माझा आवाज चढला. तो गप्प झाला आणि त्याने मान खाली घातली.

ती खाली गेलेली मान मी पूर्वी पाहिली होती. लहान शाळेत मराठीच्या शिक्षकाला भूगोलही शिकवावा लागे. एके दिवशी मी नद्या शिकवत होतो. कृष्णा महाबळेश्वरी उगम पावते. तेथून अरबी समुद्र जेमतेम ६४ किलोमीटरांवर. तरी ती त्याच्याकडे पाठ फिरवून पूर्वेच्या बंगालच्या उपसागराला मिळते. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला आणि म्हणाला, “सर, ती पूर्वेकडेच वाहते कशावरून?” पठाराचा उतार मला त्याला दाखवता आला असता. पण तास संपत आला होता. “पुस्तकात लिहिले आहे म्हणून! खाली बस.” वर्ग हसला. तो खाली बसला. आणि पुढे वर्षभर त्याने कधीही हात वर केला नाही.

मी मुलाला म्हणालो, “थांब, नळी कापू नकोस. हा विचारतो ते बरोबर आहे. मला ठाऊक नाही.”

हे तीन शब्द उच्चारायला मला छत्तीस वर्षे लागली! शिवाय, माझा तर्क मुळातच लंगडा होता. हे तेल आपण होऊन वर चढत नव्हते. पंप त्याला ढकलत होता. पंप नेईल तिकडे ते जाणार.

मग मी नातवाला जवळ घेतले आणि माझा हात पुढे केला. म्हातारपणी हातावरच्या शिरा फुगून दिसतात. एका शिरेवर मनगटाजवळ मी बोट दाबून धरले आणि दुसऱ्या बोटाने तिच्यातले रक्त कोपराच्या दिशेने सारले. शीर सपाट झाली. वरचे बोट उचलले, तरी ती सपाटच राहिली. मनगटाजवळचे बोट उचलताच ती झर्रकन भरली.

“म्हणजे रक्त हाताकडून वर जाते!” तो ओरडला.

विल्यम हार्वे या इंग्रज वैद्याने हा प्रयोग १६२८ साली आपल्या ग्रंथात दिला. शिरांमध्ये लहान झडपा असतात, हे त्याचे इटलीतील गुरू फॅब्रिशियस यांनी १६०३ साली ग्रंथात वर्णिले होते. परंतु त्या झडपा रक्ताला हृदयाकडेच जाऊ देतात, हे गुरूंच्या ध्यानी आले नाही; शिष्याच्या आले. शेकडो वर्षे वैद्य जुन्या ग्रंथांच्या भरवशावर वेगळेच मानत आले होते. हार्वेने मात्र बोट ठेवून पाहिले.

“मग आपणही नळीवर बोट ठेवू या का?” नातवाने विचारले.

“बोट नको,” मुलगा हसून म्हणाला. “पंखा फिरेल आणि तेल तापलेले असेल. आपण बाटली ठेवू.”

त्याने इंजिन थंड असतानाच वरची नळी रेडिएटरपासून सोडवली. नळीच्या टोकाला एक रबरी तुकडा जोडून तो एका बाटलीत सोडला. रेडिएटरच्या तोंडाला दुसरा तुकडा जोडून तो दुसऱ्या बाटलीत सोडला. नातवाने हिशेब मांडला: तेल नळीतून आले, तर ही गिअरपेटीकडून येणारी नळी, रेडिएटरमधून आले, तर ही गिअरपेटीकडे परत जाणारी. मुलाने सर्वांना दूर उभे केले आणि अवघे काही क्षण इंजिन चालवून बंद केले.

लाल तेल दुसऱ्या बाटलीत आले होते. वरची नळीच परतीची होती. माझे उत्तर साफ चुकले होते!

मग कूलर वरच्या नळीवर बसला. बाटलीवरच्या खुणा वाचून नातवाने सांडलेल्या तेलाचे माप सांगितले. तेवढे नवे तेल आणि कूलर भरण्यापुरते आणखी थोडे घालून मुलाने मापपट्टीने पातळी तपासली. दुसऱ्या दिवशी आम्ही तो घाट चढलो. तेलाच्या उष्णतेचा काटा जागच्या जागी स्थिर होता, आणि माझा नातू त्याच्याकडे पहारेकऱ्यासारखा पाहत होता.

मागच्या बाकावरचा तो मुलगा आज कोठे असेल, मला ठाऊक नाही. त्याच्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे थकले आहे. बाळा, वाईच्या घाटावर जा. पाण्यात एक पान सोड आणि ते कोठे जाते ते पाहा. मग काठाकाठाने चालू लाग, आणि वाटेत भेटेल त्याला पुन्हा विचार, “कशावरून?” आता मी तुला खाली बस म्हणणार नाही.